दातातलं बिऱ्हाड

…नाही, पण मला एक सांगा, डॉक्टरनं "अय्या!" म्हणावं का? शेजारणीनं म्हणावं, मेव्हणीनं म्हणावं, माझी काही हरकत नाही. पण मी खुर्चीत आडवा, पाय वर, डोकं खाली, अर्धा चेहरा इंजेक्शननं बधिर, तोंडावर हिरव्या रबराची चादर ताणून बसवलेली, तिला एकच भोक, त्या भोकातून माझा एकटा दात बाहेर डोकावतोय, आणि त्या दातावर हे एवढं मोठं दुर्बिणीसारखं यंत्र रोखून बसलेली बाई श्वास रोखून म्हणते, "अय्या!" अय्या म्हणजे काय? चांगलं अय्या की वाईट अय्या? विचारावं म्हटलं, तर विचारणार कसं? तोंड उघडं, आणि बोलायची बंदी!

आणि बंदी कुणाला, तर मला! तुम्हाला सांगतो, मी तोंडावर पोट असलेला माणूस. जुन्या सामानाचे लिलाव पुकारतो. कपाटं, आरसे, घड्याळं, बंद पडलेल्या हॉटेलातली टेबलं… हातात लाकडी हातोडा, समोर खच्चून भरलेलं दालन, आणि "एक वार… या टेबलाचे पाय बघा, तुमच्या-माझ्यापेक्षा सरळ आहेत… दोन वार… मागच्या रांगेतले काका, डोकं खाजवताय की बोली लावताय?… तीन वार!" ठक्! दिवसभर जिभेला विसावा नाही. घरी गेल्यावरही नाही, असं बायको म्हणते. झोपेतही नाही, असंही म्हणते. अशा माणसाला आडवा करून, आ करायला लावून, गप्प बसवलेलं! बायको तर डॉक्टरांना म्हणाली, "सावकाश होऊ दे हो, काही घाई नाही."

बरं, दात कुठला? हा. वरचा. समोरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा, डावीकडचा. दिसतोय ना? दिसतोय, हेच तर सांगायचंय! कारण आमच्या घराण्यात चाळिशीनंतर हा दात कुणाचाच दिसलेला नाही. आजोबांचा गेला, काकांचा गेला, बाबांचा गेला. आमच्याकडचे जुने फोटो काढून बघा, लग्नातलेसुद्धा. सगळे पुरुष ओठ घट्ट मिटून उभे! मुलीकडच्यांना वाटायचं, सोयरीक पसंत नाही वाटतं.

तर आजोबांचा दात गेला तेव्हा त्यांनी शोध लावला, की हा साखरेनं गेला. कुणाला विचारून? कुणालाच नाही! आजोबांनी कधी कुणाला काही विचारलंच नाही. झालं, त्या दिवसापासून घरातून साखर हद्दपार. चहा बिनसाखरेचा. दूध बिनसाखरेचं. वाढदिवसाला मुलांना काय? तर काकडी! आणि दात घासायचे ते पाढे म्हणून संपेपर्यंत, आजोबा शेजारी उभे. मला सतराचा पाढा यायचा नाही, माझ्या हिरड्या सोलून निघायच्या. पाहुणा आला, चहाचा घोट घेतला, की आधी कपाकडे बघायचा, मग आमच्याकडे बघायचा, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघून ओठ मिटून हसतोय… तो पाहुणा पुन्हा कशाला येतोय! तीन पिढ्या, तुम्हाला सांगतो, तीन पिढ्या आम्ही कडू तोंडानं काढल्या. आणि एवढं करून चाळिशी आली की व्हायचं काय? तो दात ठणकायचा, गाल सुजायचा, आणि मग आमच्याकडचं ठरलेलं वाक्य: "काढून टाक. आपल्याकडे तो दात टिकत नाही."

आणि बाबांचं तर विचारू नका. बाबा माझ्याआधी त्याच दालनात लिलाव पुकारायचे. आवाज असा, की रस्त्यानं चाललेला माणूस आत येऊन कपाट विकत घ्यायचा, आणि ते कशाला घेतलं हे त्याला घरी गेल्यावर कळायचं! त्यांचा दात काढला, आणि त्या जागी काढता-घालता येणारा खोटा दात बसवला, पट्टीवरचा. पहिलाच लिलाव. एक चिनी मातीची उंच फुलदाणी पुढे ठेवलेली. बाबांनी छाती भरून आवाज लावला, "सातशेऽऽ" आणि त्या सातशेला दात सुटला. उडाला. आणि फुलदाणीत… टिंग! दालनभर हशा. फुलदाणीचं तोंड अरुंद, हात काही आत जाईना. उलटी केली, हलवली, दात आत कुठेतरी आडवा बसलाय, बाहेर येईना, नुसता खुळखुळतोय! आणि लोक एवढे हसत होते ना, एकानं वाजणारी फुलदाणी म्हणून बोली चढवली. विकली गेली ती! बाबांनीच विकली. तोंडावर डावा हात धरून, "तीन वार" म्हणून, ठक् करून विकली. मग हातोडा खाली ठेवला तो ठेवलाच.

तेव्हापासून बाबा मागच्या खोलीत, सामानावर चिठ्ठ्या चिकटवत बसायचे. दुसरा दात करून घेतला नाही. बोलताना तोंडावर हात. मला बाबांचा चेहरा आठवतो ना, तो नाकापासून वर आठवतो. आता तुम्ही हसाल, पण आजही फुलदाणी विकायला आली की मी आधी कानाशी धरून हलवून बघतो.

असो. तर माझी चाळिशी आली. दात ठणकला! गाल असा फुगला, की आमचे मालक मला म्हणाले, "तोंडात काय ठेवलंयस?" आणि वेळ कुठली बघा. एका जुन्या नाटकघराचं सगळं सामान आमच्याकडे लिलावाला आलेलं. खुर्च्या, मखमली पडदे, रंगपटातले आरसे, राजाचं सिंहासन, भाल्यांचा भारा, पुठ्ठ्याचा अर्धा हत्ती… असं सामान पुकारणाऱ्याच्या आयुष्यात एकदाच येतं. मालक म्हणाले, "दात गेला तर शिट्टी वाजेल रे तुझी. तुझ्या वडिलांचं आठवतंय मला. बघ बाबा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." आणि घरी बाबा, तोंडावर हात ठेवून, "काढून टाक. आपल्याकडे तो दात टिकत नाही."

गेलो. काढायलाच गेलो होतो हो! दातांच्या बाई, वय माझ्याहून कमी, चष्मा, आवाज एकदम हळू. म्हणाल्या, "काढायचा? कुणी सांगितलं काढायला?" मी म्हटलं, "घराण्यानं." बाई हसल्या नाहीत. आरसा दाताच्या मागे घालून बघत बसल्या. मग एक्स-रे काढला, तोही डोळ्यांशी धरून बघत बसल्या. मग म्हणाल्या, "वर खोबणीत सूज आहे, हाडापर्यंत. आज काढला तर जागा भरून यायला काही महिने जातील, तोवर पट्टीवरचा दात लावावा लागेल." पट्टी! माझ्या डोळ्यांपुढे फुलदाणी आली. "पण तुमचा दात मला जरा वेगळा दिसतोय. मी आधी आत शिरून बघते. वाचला तर वाचला. नाहीच जमलं तर काढू." आत शिरून! दातात! एखादं गोदाम असावं असं म्हणाल्या!

त्याआधी त्यांनी मला एका यंत्रात उभं केलं. हनुवटी टेकवा, हलू नका, आणि ते यंत्र माझ्या डोक्याभोवती प्रदक्षिणा घालायला लागलं. गुंऽऽ करत. मी म्हटलं, एवढा मान आयुष्यात पहिल्यांदाच मिळतोय.

आणि मग तो दिवस. खुर्ची, चादर, दुर्बीण, "अय्या!"

पुढे काय, तर बाई उठल्याच! मला तसाच टाकून दाराशी गेल्या आणि ओरडल्या, आता त्यांचा आवाज हळू नाही हं, "सरांना बोलवा! खालून सरांना बोलवा!" सर म्हणजे बाईंचे गुरू, खालच्या मजल्यावर अजून दोन घटका बसतात. आले. म्हातारे, वाकलेले, दम लागलेला. वाकून दुर्बिणीत बघितलं. चष्मा काढला. पुसला. पुन्हा बघितलं. मग बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जन्मभर फळ्यावर चित्र काढून शिकवलं गं… इतका देखणा मी कधी पाहिला नव्हता."

देखणा! माझ्या तोंडातल्या कशाला तरी कुणीतरी देखणं म्हणालं! बायको बाहेर बसली होती, तिला ऐकू जायला पाहिजे होतं हो! मग कोण कोण आलं… शेजारच्या खोलीतले डॉक्टर आले, नंबर लावणाऱ्या बाई आल्या, कोण कशाला, बाहेर सुजका गाल धरून बसलेला एक पेशंट आला! तो दुर्बिणीत बघतो आणि मला म्हणतो, "नशीबवान आहात." अरे, नशीबवान? दात माझा, तोंड माझं, सगळ्या जगानं आत डोकावून घेतलं, एक मी सोडून! ओरडून सांगावंसं वाटत होतं, मलाही दाखवा! पण कसं सांगणार? तोंड उघडं, आणि बोलायची बंदी! मी नुसता "आँ… आँ…" करतोय, आणि बाई म्हणतायत, "दुखतंय का? अजून एक इंजेक्शन देऊ?"

शेवटी सरांनाच दया आली. म्हणाले, "अगं, दाताच्या मालकाला दाखव ना." बाईंनी संगणकाचा पडदा माझ्या डोळ्यांसमोर फिरवला.

आता तुम्हाला कसं सांगू… एवढा बडबड्या माणूस मी, पण हे सांगताना अजून अडखळतो. पडद्यावर माझा दात, त्या प्रदक्षिणावाल्या यंत्रानं टिपलेला. एवढा मोठा. उभा चिरून आतनं दाखवल्यासारखा. आणि त्या दाताच्या आत… दात! अहो, खरंच! दाताच्या पोटात एक छोटा दात. त्याला स्वतःचं चकचकीत आवरण, स्वतःची भिंत, स्वतःची खोली, खोलीतून वर मुळाकडे जाणारी स्वतःची वाट. बाहेरून एक दात, आत दुसरं बिऱ्हाड, पत्ता नाही, पाटी नाही! बाई सांगत होत्या: "दात तयार होतो तेव्हा कधी कधी वरचं आवरण आतल्या बाजूला वळतं. मोज्याचं टोक बोटानं आत ढकलतो ना, तसं. आणि आत वळल्यावर ते तिथेच दुसरा दात घडवत राहतं. तुम्ही रांगत होतात, तेव्हा हे तुमच्या जबड्यात चाललं होतं."

मी रांगत होतो! मला साधं उभं राहता येत नव्हतं, भिंत म्हणजे काय कळत नव्हतं, आणि माझ्या जबड्यात हे असं बांधकाम चाललेलं! कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. मी शाळेत नापास झालो तेव्हाही ते आत होतं. माझं लग्न लागलं तेव्हाही. मी रोज दालनात उभा राहून दुसऱ्यांच्या कपाटांतले चोरकप्पे उघडून लोकांना दाखवतोय, "बघा, बघा, जुन्या कारागिराचं काम बघा!" आणि सगळ्यात भारी चोरकप्पा माझ्याच तोंडात! डोळ्यांतून पाणी आलं हो माझ्या. बाईंना वाटलं, दुखतंय. दिलं अजून एक इंजेक्शन.

आणि दुखण्याचं मूळ तेच. मागच्या बाजूला एक बारीक खड्डा, सुईच्या टोकाएवढा. त्यातून जंतू थेट आतल्या बिऱ्हाडात. कितीही घासा, तिथे ब्रश पोचतच नाही. सतराचा पाढा काय, एकोणतीसचा म्हटला असता तरी पोचला नसता!

मग काम सुरू झालं. बाई म्हणाल्या, साध्या दाताला अशा जागी एकच वाट असते. याला निदान तीन दिसतायत, तिन्ही साफ केल्या तर दात वाचेल, एक जरी राहिली तरी पुन्हा ठणका, आणि मग काढण्यावाचून गत्यंतर नाही. केसाएवढी बारीक सळई घेतली, हळूच आत सोडली. सळई किती आत गेली ते मोजणारं शेजारचं यंत्र टिक्… टिक्… टिक् वाजतंय. बाई म्हणाल्या, "एक." थोड्या वेळानं, "दोन." आणि थांबल्या! आता मला सांगा, आयुष्यभर ज्यानं "एक वार, दोन वार" म्हटलंय, त्याला "दोन"नंतरची शांतता काय असते हे कुणी सांगायला पाहिजे का? बाई सळई बदलतायत. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. कपाळावर आठ्या. सर मागे उभे. बाई हळूच म्हणाल्या, "सर, तिसरी सापडत नाहीये. जोर केला तर भिंत फुटेल." सर म्हणाले, "मग जोर करू नकोस." अहो, हा काय सल्ला झाला? पण बोलतो कुणाला! तोंड उघडं, आणि बोलायची बंदी! मला आपल्या डोळ्यांसमोर पट्टीवरचा दात दिसतोय, फुलदाणी दिसतेय, बाबांचा तो डावा हात दिसतोय…

आणि मग बाईंनी काय केलं माहितीये? दुर्बिणीवरून डोळे काढले. आणि मिटून घेतले! माझ्या दातात सळई, आणि बाईंचे डोळे मिटलेले! दोन बोटांच्या चिमटीत ती सळई धरलेली, आणि नुसती अशी… इकडे… तिकडे… बोटांनी ऐकत होत्या हो त्या! कुणी श्वास घेईना. मी तर घ्यायचाच विसरलो. आणि एकाएकी त्यांचा चेहरा असा उजळला, काय सांगू तुम्हाला. टिक् टिक् टिक् टिक्… "तीन!"

माझ्या डोक्यात हातोडा आपटला. ठक्! मिळाला! माझा दात मलाच मिळाला!

आत औषध भरून ठेवलं, सूज उतरायला वेळ दिला, आणि कायमचं भरायला पुन्हा बोलावलं. "येताना वडिलांना आणि मुलीला आणा," म्हणाल्या, "हे घराण्यात असू शकतं." बाबा कसले येतायत! म्हणाले, "काढून टाकला असतास तर एका दिवसात मोकळा झाला असतास." पण आले. माझ्यासाठी नाही हं, काढायला नाही म्हणणारी दातांची बाई कशी दिसते ते बघायला आले.

बाईंनी त्यांना पडद्यासमोर बसवलं. माझा दात दाखवला. आतला दात दाखवला. खड्डा दाखवला. बाबा बघत राहिले. मग तोंडावर हात धरूनच विचारलं, "माझ्याही दातात असंच असेल?" बाई म्हणाल्या, "आता बघायला तो दात नाही, त्यामुळे ठामपणे नाही सांगता येणार. पण घरातल्या सगळ्यांचा तोच दात, त्याच वयात, म्हणजे बहुतेक असणार." बाबा म्हणाले, "मग… साखर?"

"साखरेनं दात किडतात, नाही असं नाही. पण हा दात साखरेनं नाही जात. आत वाट उघडी आहे म्हटल्यावर तुम्ही साखर खा नाहीतर कारलं खा."

आणि मग बाबा जे बोलले, ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लहानपणी एकदा शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात त्यांनी मूठभर साखर खाल्ली होती. चोरून. आजोबांनी पकडलं, आणि मूठ उघडायला लावून म्हणाले होते, "या मुठीनं तुझा दात जाणार बघ." आणि गेला की हो तो! बाबांनी धरूनच ठेवलं, की दात त्या मुठीनं गेला, फुलदाणी त्या मुठीनं झाली, हातोडा त्या मुठीनं सुटला. एवढी वर्षं! एक मूठ साखर! तिथे खुर्चीत मला भडभडून आलं. उठून बाबांना धरावंसं वाटलं. "बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं हो," एवढंच म्हणायचं होतं. पण मी आडवा, चादर ताणलेली. तोंड उघडं, आणि बोलायची बंदी!

बाई बोलल्या. माझ्याऐवजी. म्हणाल्या, "बाबा, तुम्ही रांगायच्या वयाचे असतानाच हे ठरलं होतं. तुमचं काहीच चुकलेलं नाही." आणि बाबांनी… तुम्हाला सांगतो, बाबांनी तोंडावरचा हात काढला. खाली मांडीवर ठेवला. आणि त्या पडद्यावरच्या दाताकडे बघून म्हणाले, "काय सुरेख कारागिरी आहे!" मध्ये ती काळी खिंड, आणि तिच्यातून निघालेली चांगली लांब शिट्टी. कुणी हसलं नाही.

लेकीच्या दातालाही तसाच खड्डा निघाला. कॉलेजात जाते, अजून एकदाही ठणकला नाही. बाईंनी त्यात कसलासा पांढरा थेंब सोडला, निळा दिवा धरला, खड्डा बंद, झालं! मी म्हटलं, एवढंच? तीन पिढ्यांच्या काकड्या, आणि एवढंच?

नाटकघराच्या लिलावाला मी पुकारलं. आणि कसं पुकारलं! मुद्दाम "स" येईल असे शब्द शोधून शोधून पुकारलं! "सिंहासन! सागवानी सिंहासन! सहा राजे सलग बसलेत यावर, एकानंही तक्रार केलेली नाही!" एक शिट्टी नाही! पुठ्ठ्याचा अर्धा हत्ती निघाला तेव्हा लेक पुढच्या रांगेत तोंड उघडून खदाखदा हसत होती, आणि तिच्या शेजारी, फुलदाणीनंतर पहिल्यांदा त्या दालनात येऊन बसलेले बाबा. तेही हसत होते. खिंडीसकट. मी "दोन वार" म्हणालो आणि पुढचं म्हणताच येईना मला. तर बाबा उठून उभे राहिले आणि त्या जुन्या आवाजात, रस्त्यावर ऐकू जाईल असं ओरडले, "तीन वाऽऽर!" मी नुसता हातोडा आपटला.

आता एवढं झाल्यावर काय करायचं? साखर आणायची! दुसरं काय! येताना दुकानातून अख्खी पिशवी घेतली. दुकानदार ओळखीचा, तो दोनदा विचारतो, "तुमच्याच घरी?" बायकोनं चहा टाकला, प्रत्येक कपात दोन-दोन चमचे. सगळे टेबलाभोवती बसलो, एखादा समारंभ असल्यासारखं. पहिला मान बाबांचा. त्यांनी कप उचलला, वास घेतला, डोळे मिटले, अगदी त्या डॉक्टरबाईंसारखे. माझ्या मनात आलं, बघ, तीन पिढ्यांचा कडूपणा आता उतरतोय, या घराला आज पहिल्यांदा गोड कळणार. त्यांनी घोट घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय. तो घोट या गालातून त्या गालात गेला, परत आला, कसाबसा खाली उतरला. त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले,

"काढून टाक. आपल्याकडे साखर टिकत नाही."

विरघळलेली साखर कपातून काढायची कशी, हे विचारायला मी घोटभर चहा गिळून तोंड उघडलं. आणि काय सांगू तुम्हाला, इतकं घाणेरडं गोड होतं ते… या वेळी चादर नव्हती, इंजेक्शन नव्हतं, बंदी नव्हती, सगळे दात जागच्या जागी… आणि मी आपला नुसता तोंड उघडं टाकून बसलेला!